शिवी द्या ना, मावशी

सगुणाच्या तोंडी लागायची कोळीवाड्यात कुणाची छाती नव्हती. चारकोपच्या मागं, जिथं सेक्टरच्या इमारती संपतात आणि तिवरांचं जंगल सुरू होतं, तिथली ही वस्ती. भांडणांना तिथं तोटा नव्हता, पण सगुणा पदर खोचून दारात उभी राहिली की दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या घरात जाऊन गप बसत. तिची शिवी कुणाकडून ऐकून उचललेली नसायची. समोरच्याचा धंदा, घराणं, चालायची ढब बघून ती जागच्या जागी नवी घडवायची, आणि ती त्या माणसाला मापून शिवलेल्या झंपरासारखी बसायची. धाकटा दीर धर्मा एकदा दारू पिऊन होडीतच झोपला आणि ओहोटीला चिखलात रुतला, तेव्हा तिनं त्याला जे नाव ठेवलं ते आज त्याची नातवंडंही मागून कुजबुजतात.

तिच्या तोंडात सगळ्यांना ‘तू’. वॉर्डातल्या साहेबाला तू, दवाखान्यातल्या डॉक्टरला तू, एकवीरेला तर तूच. ‘आपण’ हा शब्द तिच्या जिभेवर उभ्या जन्मात चढला नव्हता. आणि माणूस जितकं जवळचं, तितकी शिवी जास्त. मुलगा अल्पेश रोज सकाळी शिवी खाऊनच उठायचा. “उठ रं मुडद्या, भरती येऊन गेली, तुझी तिरडी कवा उठायची?” असं झालं की तो समजायचा, चहा तयार आहे. एखाद्या दिवशी शिवीशिवाय चहा मिळाला, तर तो आधी आईच्या कपाळाला हात लावून ताप बघायचा.

या बाईचं तोंड एकाच ठिकाणी मऊ व्हायचं. खाडीचा एक आतला फाटा होता, वळण घेऊन तिवरांच्या पोटात शिरलेला. त्याला कोंड म्हणत. लग्न होऊन आली तेव्हापासून सगुणा ओहोटीला लोखंडी आकडी घेऊन तिथं जायची आणि बिळातल्या चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, काढायची. कोंडीत दुसऱ्या कुणी जायचं नाही, हा नियम तिनं स्वतःच केला होता आणि तोंडाच्या जोरावर पाळून घेतला होता. मिळेल ती चिंबोरी ती बाजारात विकायची. पण हाताला भरलेली मादी लागली, लाखेनं, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी, फुगलेली, तर ती तिला उलटी करून बघायची, पुन्हा सुलटी करायची आणि पाण्याच्या कडेला ठेवून हलकेच म्हणायची, “जा गो बाय, माहेराला जा. नीट बाळंत हो.” भरलेली चिंबोरी खाडीतून निघून समुद्रात जाते, अंडी तिकडे सोडते. म्हणजे माहेरीच म्हणायचं.

यात निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. सगुणा चहापत्तीची रिकामी पिशवी खाडीत भिरकावताना मागं वळूनही बघत नसे. भरलेली खाल्ली तर पुढच्या साली माती खायची काय, एवढाच तिचा हिशोब. पण ते दोन शब्द तिचे स्वतःचे होते. ते कुणी ऐकलेलं तिला आवडत नसे. लहानपणी मागं मागं येणाऱ्या अल्पेशनं तेवढे ऐकले होते.

अल्पेशच्या जाळ्यात अलीकडे मासळीपेक्षा प्लास्टिकच जास्त यायला लागलं होतं. तेव्हा बोरिवलीचा देवव्रत त्याला भेटला. वांद्र्याच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून या माणसानं लोकांना जंगलं दाखवायचा धंदा काढला होता. स्वभावानं गोड, आवाज कधी चढायचा नाही, आणि शेंबड्या पोरालासुद्धा ‘आपण’ म्हणायचा. अल्पेशच्या होडीवर हिरवं छत चढलं, बसायला गाद्या आल्या. दर रविवारी मुलुंड, अंधेरी, घाटकोपरहून टोप्या घातलेली मंडळी यायला लागली. ती मंडळी होडीत बसायच्या आधी हात पुढं करून तिवरांच्या रक्षणाची शपथ घ्यायची आणि उतरताना बुटाचा चिखल पुसायला त्याच तिवराची फांदी मोडायची. “इथला वास जरा कमी करता येईल का हो?” असं एका बाईनं अल्पेशला विचारलं, तेव्हा तो बोंबील वाळत घातलेल्या वालंडीकडं बघत नुसता हसला. घरी कल्पिता, त्याची बायको, त्यांच्यासाठी जेवण रांधायची. सगुणानं हे सगळं खपवून घेतलं, कारण होडी मोठ्या खाडीतूनच फिरायची.

मग एका रविवारी होडी कोंडीत शिरली.

सगुणा गुडघाभर चिखलात वाकलेली होती. तिनं मान वर केली, तर समोर सगळी टोप्यांची रांग, आणि मागं सुकाणूला आपला लेक. तिचं डोकं सणकलं. “आलास काय रं माझ्या चुलीत मुतायला! आणि या कोण, तुझ्या सासरच्या वरातीतल्या काय? डोळ्यांवर काळी झापडं लावून जंगल बघताय, घाण्याच्या बैलांनो? निघा, नाय तर एकेकाच्या नाकात चिंबोरी सोडीन, बोरिवलीपर्यंत बोंबलत जाल!” ती दम घ्यायला थांबली, तेव्हा होडीत टाळ्या वाजल्या. सगळ्यांचे फोन वर आले होते. एक पोरगी म्हणाली, “किती रिअल आहे ना!”

सगुणाला वाटलं आपल्या कानात पाणी गेलंय. तिनं आणखी चार हासडल्या. टाळ्या आणखी वाढल्या.

तो व्हिडिओ कुठं कुठं फिरला कुणास ठाऊक. पुढच्या रविवारी जेट्टीवर इतकी माणसं आली की देवव्रतला होडीच्या दोन फेऱ्या कराव्या लागल्या. कोंडीत शिरल्या शिरल्या लोक हाका मारायला लागले, “मावशी, शिवी द्या ना! एक तरी द्या ना!” मुलुंडच्या एकाला आपल्या बॉसचं नाव घालून हवी होती. घाटकोपरच्या एका जोडप्याचा लग्नाचा वाढदिवस होता, त्यांना दोघांना मिळून एक हवी होती. सगुणा खरंच पेटून शिव्या द्यायची आणि ते खरंच खूश व्हायचे. तिनं एकदा चिखलाचा गोळा फेकून मारला. तो ज्याच्या शर्टवर बसला त्यानं तो शर्ट धुणार नाही म्हणून सांगितलं.

शिवी लागावी म्हणून द्यायची असते. लागतच नसेल तर बाईनं काय करावं? याच तोंडावर तिनं वाळूच्या चोरट्या होड्या परतवल्या होत्या, नवरा गेल्यावर भावकीला घराबाहेर ठेवलं होतं. ते तोंड आता या लोकांनी खेळणं करून टाकलं. होडीच्या आवाजानं चिंबोऱ्या बिळातून वर येईनाशा झाल्या, पाण्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला. संध्याकाळी तिनं अल्पेशला धरलं.

“होडी पुन्हा कोंडीत आणलीस तर तंगडं मोडीन. ऐकतंस काय, भाड्या?”

“आये, तुझ्यामुळंच येतात गो ती लोकं,” अल्पेश हसून म्हणाला. “तू स्टार झालीस! नुसती तिवरं बघायला कोण येणार?”

“मी त्यांना हाकलते रं!”

“तेच तर त्यांना आवडतं ना, यार.”

यावर सगुणाला काही सुचेना, आणि तिला न सुचणं ही कोळीवाड्यातली नवी गोष्ट होती.

दर रविवारच्या लोकांत मृणालिनी नावाची एक बाई नेहमी असायची. बोरिवलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. ती फोन काढायची नाही, टाळ्या वाजवायची नाही, तिवराच्या पानांवरचं मीठ जिभेनं चाखून बघायची. माणूस म्हणून बरी, आणि म्हणूनच तिच्यामुळं जास्त वाटोळं झालं. एकदा ती एकटीच बांधावरून चालत कोंडीकडं आली आणि तिनं सगुणाला भरलेल्या चिंबोरीशी बोलताना ऐकलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अल्पेशला विचारलं, आणि अल्पेशनं सांगून टाकलं, भरलेली होती, आये भरलेली सोडते.

“भरलेले खेकडे?” देवव्रत मध्येच म्हणाला. “वा, जेवणात ठेवू या की! वाटण घालून भरतात ना?”

मृणालिनीनं त्याला समजावलं की इथं भरलेली म्हणजे गाभण. मग ती म्हणाली, “लोकांनी एकदा स्वतःच्या हातानं अशी मादी पाण्यात सोडली ना, तर जन्मभर विसरणार नाहीत. भाषणं देऊन कुणाच्या मनात काही रुजत नाही हो. असंच रुजतं.” तिला ते मनापासून वाटत होतं. देवव्रतनं तिथल्या तिथं सोहळा ठरवला. नाव ठेवलं ‘माहेरची वाट’. येत्या रविवारी, सकाळी, जेट्टीवर.

आता रविवारी सकाळी सोडायच्या, तर त्या आधी धरायला नकोत? हे मृणालिनीला सुचलं नाही, देवव्रतला सुचलं पण त्यात वावगं काही दिसलं नाही. ज्याला सगळं कळत होतं, त्या अल्पेशनं आठवडाभर आईची पाठ फिरली की कोंडीत फग लावले, लोखंडी कड्यांना जाळी बांधलेले सापळे, आणि भरलेल्या तेवढ्या वेचून घेतल्या.

सगुणाला कोंड रिकामी लागली. भरलेली म्हणून एक दिसेना. तिला वाटलं, धर्माच चोरतो. तिनं धर्माच्या दारात उभं राहून त्याच्या तीन पिढ्या धुऊन काढल्या. धर्मा बिचारा देवाची शपथ घेत राहिला आणि अल्पेश घरात बसून ऐकत राहिला. कल्पितानं नवऱ्याकडं नुसतं बघितलं. तो म्हणाला, “रविवार होऊ दे, मग सांगतो.”

रविवारी कल्पिताच सासूला जेट्टीवर घेऊन गेली. तिथं मांडव घातला होता. टेबलावर काचेसारखे आरपार दिसणारे प्लास्टिकचे टब ठेवले होते, कडेपर्यंत पाणी भरलेले. आत सगुणाच्या कोंडीतल्या भरलेल्या. चिखल धुऊन लख्ख केलेल्या, नांग्यांना हिरवी रिबीन बांधलेली.

देवव्रत लगबगीनं पुढं आला. “या, सगुणामावशी, आपलीच वाट बघत होतो. आपण ते माहेरचे शब्द म्हणायचे, मग आमचे पाहुणे एकेक मादी पाण्यात सोडतील. आणि शेवटी, आपली खास अशी एक झणझणीत शिवी!”

सगुणा टबाकडं गेली. आत हात घालून तिनं एक चिंबोरी वर काढली. पाय लोंबत होते. डोळ्यावर बोट नेलं तरी डोळा आत गेला नाही. दुसरी काढली. तिसरी काढली. ओल्या गोणपाटात बांधून ठेवली तर चिंबोरी दिवसच्या दिवस जगते, पण साठलेल्या पाण्यात गुदमरते, त्यातून हे पाणी नळाचं. कोळ्याच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. अल्पेशलाही लागलं नव्हतं. पण गोणपाटातली चिंबोरी फोटोत दिसत नाही, असं देवव्रत म्हणाला, आणि अल्पेशनं काल रात्रीच टब भरले होते.

एवढा राग तिला नवरा गेला तेव्हाही आला नव्हता, आणि तेव्हा ती देवावर रागावली होती.

समोर सगळे फोन वर झाले. “आता बघ,” कुणीतरी म्हणालं. अल्पेश मान खाली घालून उभा होता. आईच्या तोंडून आता जे यायचं ते त्याला हवंच होतं. आलं असतं तर तो सुटला असता.

सगुणानं पदर सारखा केला. “आपण सगळे लांबून आलात,” ती म्हणाली. “बसा आपण. ऊन लागेल आपल्याला.”

लोक हसले. त्यांना वाटलं ही नवी गंमत. ती अल्पेशकडं वळली.

“अल्पेशराव,” ती म्हणाली, “ह्या आपण धरल्यात?”

आता हशा मोठा झाला. अल्पेशनं मान वर केली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“आये…”

“साठलेल्या पाण्यात चिंबोरी मरते, हे आपल्याला ठाऊक होतं ना? बरं. आपलं काम चालू द्या. आम्ही निघतो.” शब्द सगळे देवव्रतचे होते. पण त्याच्या तोंडी ते गोड लागत, तिच्या तोंडून दार लावल्यासारखे आले. धर्मा मागं उभा होता, त्यानं कानाला हात लावला.

सोहळा झाला. लोकांनी रिबिनी सोडल्या, चिंबोऱ्या पाण्यात ठेवल्या, आणि त्या ठेवल्या तशा बुडाल्या. “हलत का नाहीत हो?” एका माणसानं विचारलं. “घाबरल्यात थोड्या,” देवव्रत म्हणाला, “तळाशी जाऊन सावरतात.” त्यावर टाळ्या पडल्या. एक चिंबोरी मात्र उलटी होऊन जेट्टीच्या खांबाला येऊन लागली आणि तिथंच हेलकावत राहिली. तिचा फोटो कुणी काढला नाही. मृणालिनीनं आपल्या हातातली टबात परत ठेवली आणि ती सगुणाच्या मागं धावली.

“सगुणाताई, चुकलं आमचं. फार चुकलं.”

“आपलं कसं चुकेल?” सगुणा न थांबता म्हणाली. “आपण शिकलेल्या.”

जेवणाच्या पंगतीत लोकांनी तक्रार केली की आज मजा आली नाही, मावशींनी शिवीच दिली नाही.

त्या दिवसापासून सगुणानं घरात लेकाला ‘आपण’ म्हणायला सुरुवात केली. कल्पितावर ती पूर्वीसारखीच खेकसायची, धर्माच्या दारात जाऊन तिनं त्याची माफी मागितली तीही एक शिवी घालूनच, आणि धर्मा ती ऐकून निवला. पण अल्पेशला सकाळी हाक यायची, “उठताय का? चहा ठेवलाय आपला.” तो ताडकन उठून बसायचा आणि चहा तसाच टाकून बाहेर पडायचा. पहिल्यांदा त्यानं हसण्यावारी नेलं. मग तो चिडला. “काय लावलंयस हे? बोल ना नीट!” तर ती म्हणाली, “नीटच बोलतेय की.” एकदा तो मुद्दाम चिखलाचे पाय घेऊन नुकत्याच सारवलेल्या ओट्यावरून चालत गेला आणि मागं वळून उभा राहिला. सगुणानं ते पायांचे ठसे बघितले.

“असू द्या,” ती म्हणाली. “पुसून घेते मी.”

वस्तीत हे पसरायला वेळ लागला नाही. अल्पेश नाक्यावर आला की पोरं त्याला ‘या आपण, बसा आपण’ म्हणायची. होडीवर त्याच्याबरोबर काम करायला कुणी तयार होईना. तिकडं देवव्रतचा फोन रोज यायचा, पुढच्या सोहळ्याला आतापासूनच गर्दी आहे, चिंबोऱ्यांचं बघा, आपण बघाल ना, आपणच बघू शकता. एका दुपारी असाच फोन चालू असताना अल्पेश एकदम ओरडला, “आपण-आपण करू नको रं माझ्याशी! कोंडीत होडी जाणार नाय आणि चिंबोरी मिळणार नाय! काय करायचंय ते कर!”

मग तो कोंडीत गेला. बुडवून ठेवलेले सगळे फग त्यानं ओढून काढले, एकात अडकलेल्या दोन चिंबोऱ्या सोडल्या, होडीचं हिरवं छत उचकटून टाकलं. संध्याकाळी छातीपर्यंत चिखलानं भरलेला तो घरी आला आणि ते फग त्यानं आईच्या पुढ्यात टाकले. सगुणा बोंबील निवडत बसली होती.

“काढले सगळे,” तो म्हणाला. “देवव्रतला ‘नाय’ म्हणून सांगितलं. कोंडीत परत कोण जाणार नाय. मी पण नाय.”

सगुणानं फगांकडं बघितलं, लेकाकडं बघितलं.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “पाय धुऊन घ्या. जेवण वाढते आपल्याला.”

अल्पेश तिथंच उंबऱ्यावर बसला. एवढा मोठा बापया, त्याचा आवाज पार लहान पोरासारखा झाला.

“आये, शिवी दे ना गो. एक तरी दे ना.”

सगुणानं बोंबलांची टोपली बाजूला सरकवली. तिचे ओठ हलले, आणि अल्पेशला वाटलं, आली. गळ्यापर्यंत आलेली ती त्याला दिसलीसुद्धा. पण सगुणानं ती गिळली.

“देईन,” ती म्हणाली. “कोंडीत एक भरलेली परत दिसू द्या, मग देईन. तोवर आपण पाहुणे.”